जुनी कॅम्पर व्हॅन घेतलीत? वायरिंगचा गुंता असा सोडवा

कॅम्पर केलेली ट्रॅव्हलर किंवा विंगर सेकंड-हँड घेताना लोक इंजिन बघतात, टायर बघतात, फर्निचरला हात लावून बघतात. वायरिंग प्लायवूडच्या मागे असतं, ते कोणी बघत नाही. मग पहिल्याच मुक्कामी पंप चालू केला की दिवे मंदावतात, फ्रिज पहाटे बंद पडलेला असतो, नाहीतर सकाळी गाडीचा सेल्फच लागत नाही. अशा वेळी फ्रिज बदलला जातो, बॅटरी बदलली जाते आणि दोष जागच्या जागी राहतो. या गाड्यांत उपकरण क्वचितच बिघडलेलं असतं. घोळ असतो तो जोडात, थिंबलमध्ये (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपीत), बॉडी-अर्थच्या (निगेटिव्ह गाडीच्या पत्र्याला जोडण्याच्या) बोल्टखाली किंवा बारीक वायरीत.

खालचे आकडे १२ व्होल्टच्या गाडीचे आहेत. मोठ्या बसच्या सांगाड्यावर बांधलेली गाडी असेल तर २४ व्होल्ट असू शकतात, ते आधी पाहून घ्या. सेल्फ मारणाऱ्या बॅटरीला ‘स्टार्टर बॅटरी’ आणि दिवे, पंप, फ्रिज चालवणाऱ्या बॅटरीला ‘हाउस बॅटरी’ म्हटलं आहे.

लागणारं सामान आणि कागद

- डिजिटल मल्टिमीटर, १० अँपिअरचं वेगळं सॉकेट असलेला.
- डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर. दुकानात स्वस्तात मिळणारे बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतात आणि बॅटरीच्या वायरीवर ते सरळ शून्य दाखवतात. डबीवर डीसी अँपिअर लिहिलंय का ते वाचूनच घ्या.
- गाडीच्या ब्रेक लाइटचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन मगर-क्लिपा. हा झाला टेस्ट लॅम्प.
- हेडलाइटचा ५५ वॅटचा जुना बल्ब.
- ८-१० मीटर लांब एक सुटी वायर, दोन्ही टोकांना क्लिपा.
- १० आणि १३ नंबरचे पाने, पॉलिश पेपर, क्रिंपिंगचा (थिंबल दाबून बसवण्याचा) पक्कड, टिनचा मुलामा असलेली तांब्याची थिंबलं, आतून गोंद असलेली हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी.
- ५ ते ३० अँपिअरचे पातीचे फ्यूज, प्रत्येकी चार-पाच.
- मास्किंग टेप, मार्कर, वही.

आधीच्या मालकाकडून बॅटरी, इन्व्हर्टर आणि सोलर कंट्रोलरची मॅन्युअलं मागा. प्लाय बसवण्याआधीचे फोटो त्याच्या मोबाइलमध्ये असतील तर ते अख्ख्या मॅन्युअलपेक्षा जास्त कामाचे. बदल आरसीवर चढवलेला आहे ना आणि विमा कंपनीला कळवलेला आहे ना, हेही आत्ताच बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांचे नियम आहेत. आग लागली तर विमावाले पहिल्यांदा तेच विचारतील.

१. सगळा पुरवठा तोडा, याच क्रमाने

बाहेरून घेतलेला २३० व्होल्टचा प्लग काढा. इन्व्हर्टर बंद करा. सोलर पॅनेलची लाइन कंट्रोलरच्या आधी तोडा. मग हाउस बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि शेवटी स्टार्टर बॅटरीचं. जोडताना बरोबर उलट क्रम. डीईएफ (धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण) वापरणाऱ्या बीएस-६ डिझेल गाडीत किल्ली बंद केल्यावर काही मिनिटं थांबा. आतला पंप नळ्या रिकाम्या करत असतो.

अंगठी, कडं, धातूचं घड्याळ काढून ठेवा. १२ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण १०० अँपिअर-अवरची बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर सोडते आणि पॉझिटिव्ह व बॉडीच्या मध्ये अडकलेली अंगठी क्षणात लाल होते.

२. नकाशा काढा

हा टप्पा लोक टाळतात आणि मग चार दिवस अंधारात चाचपडतात. वहीत एका पानावर एकच वायर घ्या: बॅटरीतून निघते कुठून, फ्यूज कुठे आणि किती अँपिअरचा, स्विच कुठे, उपकरण कुठे, निगेटिव्ह परत कुठे येतं. वायरीच्या दोन्ही टोकांना एकच नंबर लिहून टेप लावा. ज्या वायरीचं दुसरं टोक सापडत नाही तिला प्रश्नचिन्ह लावून पुढे जा. कापू नका.

आपल्याकडच्या गाड्यांतला सगळ्यात घातक सापळा रंगांचा. गाडी बांधणारा बहुतेक वेळा घरगुती वायरिंगच्या दुकानातून लाल आणि काळ्या वायरीची बंडलं आणतो. त्यातली लाल एका ठिकाणी १२ व्होल्टचं पॉझिटिव्ह असते आणि हातभर पुढे तीच लाल इन्व्हर्टरकडून येणारी २३० व्होल्टची फेज असते. काळी इकडे निगेटिव्ह, तिकडे न्यूट्रल. त्यात बाहेरून मागवलेल्या उपकरणांची तपकिरी-निळी जोडी. त्यामुळे रंगावर भरवसा ठेवायचा नाही. उघडी वायर दिसली की मीटर आधी एसी ७५० वर ठेवून तपासा, मग डीसीवर. २३० व्होल्ट वाहणाऱ्या प्रत्येक वायरीला दर फूटभर पिवळी टेप गुंडाळा.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे गाडीच्या मूळ हार्नेसमधून (कंपनीने बसवलेल्या वायरींच्या जुडग्यातून) चोरून घेतलेला पुरवठा. केबिन लाइटच्या वायरीला पीळ देऊन जोडलेले एलईडी, सिगारेट लायटरवरून नेलेले दोन पंखे वगैरे. हे जोड सापडतील तसे सोडवा आणि ती उपकरणं हाउस बॅटरीच्या फ्यूज बॉक्सवर आणा. मूळ हार्नेसला हात लागलेला असेल तर डॅशबोर्डवरचे दिवे विनाकारण पेटतात, आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पहिलं बोट तिथेच ठेवलं जातं.

३. बॅटरीचं खरं वय बघा

चार्जिंग आणि सगळे लोड (वीज घेणारी उपकरणं) बंद करून बॅटरी तीन-चार तास निवांत ठेवा, मग थेट खांबांवर (बॅटरीच्या टर्मिनलांवर) मोजा. लेड-अ‍ॅसिड बॅटरी १२.७ दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, ११.९ किंवा खाली म्हणजे रिकामी. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचं गणित वेगळं. ती भरलेली असताना १३.३ च्या आसपास बसते आणि बराच काळ जवळपास तिथेच राहते, त्यामुळे तिच्या व्होल्टेजवरून किती शिल्लक आहे ते कळत नाही. ती एकदम शून्य दाखवत असेल तर मेली म्हणून टाकून देऊ नका. आतल्या बीएमएसने (बॅटरीचं रक्षण करणाऱ्या सर्किटने) स्वतःला तोडून घेतलेलं असतं. लिथियमसाठीचा चार्जर लावल्यावर बहुतेक वेळा ती परत उठते. शून्य अंशाखालच्या थंडीत लिथियम पेशी चार्ज करायच्या नसतात, त्यामुळे स्पिती-लडाखच्या पहाटे चार्जिंग होत नसेल तर तो बिघाड नसून बीएमएसने केलेलं राखण आहे.

आता पुरवठा परत जोडून टेस्ट: २१ वॅटचे दोन-तीन बल्ब किंवा फ्रिज लावून पंधरा मिनिटं चालवा. निवांत असताना १२.६ दाखवणारी लेड-अ‍ॅसिड बॅटरी एवढ्याशा लोडवर ११.५ पर्यंत घसरली तर पुढे शोधाशोध नको, बॅटरीच गेली.

शंटवर (निगेटिव्ह वायरीत घातलेल्या, करंट मोजण्याच्या पट्टीवर) चालणारा बॅटरी मॉनिटर असेल तर त्याची टक्केवारी लगेच खरी मानू नका. एखादी निगेटिव्ह वायर शंट चुकवून सरळ खांबाला लावलेली असली की तिचा करंट मोजलाच जात नाही. मॉनिटर ८० टक्के म्हणतो आणि दिवे विझतात. खांबावर शंटकडे जाणारी एकच जाड वायर असली पाहिजे.

४. लोड चालू ठेवून मोजा

बंद उपकरणाच्या टोकाला मीटरवर १२.६ दिसले की माणूस म्हणतो, ‘सप्लाय तर येतोय.’ इथेच फसगत होते. मीटरला करंट लागतच नाही. वायरीची एक तार जरी शाबूत असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो, आणि त्या एका तारेतून फ्रिज चालत नाही. म्हणून तिथे २१ वॅटचा बल्ब लावा. तो पावणेदोन अँपिअर घेतो. बल्ब लखलखीत पेटला तर लाइन ठीक. पिवळट, मरतुकडा पेटला तर वाटेत कुठेतरी अडथळा.

अडथळा नेमका कुठे ते फ्रिजच्या उदाहरणावर बघू. कॉम्प्रेसर चालू आहे, बॅटरीच्या खांबांवर १२.६ आणि फ्रिजच्या प्लगवर ११.३ व्होल्ट. म्हणजे १.३ व्होल्ट वाटेत गेले. लांब वायर मीटरच्या एका टोकाला जोडा. बॅटरीचं पॉझिटिव्ह आणि फ्रिजचं पॉझिटिव्ह यांच्यात मोजा: समजा ०.४ आले. मग बॅटरीचं निगेटिव्ह आणि फ्रिजचं निगेटिव्ह: ०.९. बेरीज जुळली आणि दोषी बाजू कळली. आता मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावरच ठेवा आणि दुसऱ्याने फ्रिजकडे सरकत जा. चेसिसच्या पत्र्यावर ०.१, आणि त्याच पत्र्यात बसलेल्या फ्रिजच्या बोल्टच्या थिंबलवर ०.८. मधे फक्त बोल्टचा सांधा आहे. खोला, खाली रंग, गंज किंवा हिरवा कळंक सापडेल. पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर टाकून आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली सांध्याच्या आत नको, आवळून झाल्यावर वरूनच. निगेटिव्हच्या बाजूला लोड चालू असताना ०.२ व्होल्टपेक्षा जास्त पडायला नको.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या गाड्यांत हा बोल्ट दर पावसाळ्यानंतर तपासायचा. खारी हवा थिंबलच्या आतून वायर खाते, बाहेरून इन्सुलेशन नवंकोरं दिसतं. वायर वाकवली आणि आतून कुरकुर जाणवली तर टोक कापून नवीन थिंबल.

बोल्ट साफ करूनही व्होल्टेज पडत असेल तर वायरच बारीक आहे. दीड एमएमच्या (म्हणजे चौरस मिलिमीटरच्या) तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला साधारण १३ मिलिओहम. फ्रिज सहा मीटरवर म्हणजे जाऊन-येऊन बारा मीटर वायर. ५ अँपिअरला ०.८ व्होल्ट त्यातच गेले. तेच चार एमएममध्ये ०.३. बॅटरी जरा उतरली की फ्रिजचं संरक्षण त्याला बंद करतं आणि दहा मिनिटांनी परत चालू करतं. रात्रभर हा खेळ चालतो आणि दूध नासतं. फ्रिजवर बॅटरी-संरक्षणाचं हाय-मीडियम-लो सेटिंग असेल तर स्वतंत्र हाउस बॅटरी असताना ते हायवर ठेवायची गरज नसते. पण सेटिंग खाली आणणं हा वायर बदलण्याला पर्याय नाही.

५. फ्यूज उडतोय

एकदा उडाला तर त्याच अँपिअरचा बदला. दुसऱ्यांदा उडाला तर थांबा. मोठा फ्यूज टाकणं किंवा चांदीचा कागद गुंडाळणं म्हणजे फ्यूजचं काम वायरीला देणं, आणि ती वायर प्लायच्या मागे आहे.

फ्यूजच्या जागी हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब क्लिपांनी लावा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल, पण वायरीतून ४-५ अँपिअरच्या वर काही जाणार नाही. आता त्या लाइनवरचं एकेक उपकरण काढा. बल्ब मंदावला किंवा विझला की ते उपकरण दोषी. सगळं काढूनही बल्ब तसाच पेटत राहिला तर वायरच कुठेतरी बॉडीला टेकली आहे. पहिल्यांदा स्क्रू बघा. कपाट, बेड, छताची पट्टी बसवताना मारलेला लांब स्क्रू वायरीत शिरलेला असणं हे या गाड्यांतलं नेहमीचं दुखणं. शंका येईल तो स्क्रू दोन आटे सैल करून बल्बकडे बघा. त्यानंतर पत्र्याच्या भोकातून रबरी ग्रोमेट न लावता नेलेल्या वायरी, आणि मग सीटचे रेल.

वायर आणि फ्यूज यांची सुरक्षित जोडी ध्यानात ठेवा: दीड एमएमला १०, अडीचला १५, चारला २५, सहाला ३० अँपिअर. पातीच्या फ्यूजचे रंग: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पारदर्शक, ३० हिरवा. बॅटरीच्या पॉझिटिव्हमधून निघणाऱ्या प्रत्येक वायरीला वीतभर अंतरात फ्यूज हवा. अनेक गाड्यांत तो फ्यूज बॉक्समध्ये असतो, आणि बॅटरी ते बॉक्स ही तीन मीटरची जाड वायर उघडीवाघडी असते. ती आधी सुधारा.

६. रात्रीत बॅटरी उतरते

सगळं बंद करा, दारं लावा, अर्धा तास थांबा. क्लॅम्प मीटर आधी शून्यावर आणून बॅटरीच्या वायरीभोवती लावा. क्लॅम्पला बारीक करंट नीट दिसत नाही. तो शून्याजवळ असेल तर मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर घेऊन निगेटिव्ह खांब आणि सोडवलेली निगेटिव्ह वायर यांच्या मध्ये जोडा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, इन्व्हर्टर चालू करायचा नाही. मीटरचा फ्यूज जाईल.

गाडीच्या स्वतःच्या यंत्रणेला ५० मिलिअँपिअरपर्यंत लागणं ठीक. त्यापेक्षा जास्त दिसलं तर फ्यूज न उपसता शोधा: पातीच्या फ्यूजच्या माथ्यावर दोन उघडी टोकं असतात, मीटर मिलिव्होल्टवर ठेवून तिथे टेकवा. शून्य असेल तर त्या लाइनमध्ये करंट नाही, काही दिसलं तर आहे. फ्यूज उपसून परत बसवला की झोपलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जागी होते आणि आकडा पुन्हा अर्धा तास फसवतो.

नेहमीचे चोर ठरलेले आहेत. रिकामा चालू ठेवलेला इन्व्हर्टर, विशेषतः घरगुती: त्याने नुसता १ अँपिअर घेतला तरी दिवसाला २४ अँपिअर-अवर, म्हणजे १०० ची लेड-अ‍ॅसिड बॅटरी दोन दिवसांत अर्धी. निळे आकडे दाखवणारे यूएसबी सॉकेट. स्टिरिओची मेमरी वायर. गॅस गळतीचा अलार्म मात्र चालूच राहिला पाहिजे. बॅटरी वाचवण्यासाठी तो काढू नका.

एलईडी बंद केल्यावरही काजव्यासारखे मिणमिणत असतील तर स्विच निगेटिव्हच्या बाजूला लावलाय किंवा स्विचमधल्या छोट्या दिव्याचं तिसरं टोक निगेटिव्हला न जाता दिव्याच्या वायरीला जोडलंय. स्विच पॉझिटिव्हवर आणा, तिसरं टोक निगेटिव्हला द्या.

७. खड्ड्यात बंद, सपाट रस्त्यावर चालू

असा दोष उभ्या गाडीत दिसत नाही, म्हणून तो दिसेल असं करायचं. दोष असलेल्या लाइनच्या शेवटी टेस्ट लॅम्प लावा आणि एकाने दिव्याकडे बघत राहावं. दुसऱ्याने बॅटरीकडून सुरुवात करून वायर हातभर-हातभर हलवत यावं. जोडांवर हलकेच टिचकी मारावी. दिवा लुकलुकला की तिथे थांबा. सापडतं ते साधारण तीनपैकी एक: पीळ देऊन टेप मारलेला जोड, वायर न कापता वरून चिमटणारा प्लास्टिकचा निळा-लाल कनेक्टर, किंवा सोल्डर केलेलं टोक. सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठ होते आणि गाडीच्या थरथरीने बरोबर तिथेच तुटते. चालत्या गाडीत थिंबल आणि क्रिंपिंगच टिकतं. जोड ओढून बघा. हाताने निघाला तर तो जोड नव्हताच.

८. गाडी चालूनही हाउस बॅटरी भरत नाही

इंजिन चालू करून दोन्ही बॅटरींवर मोजा. स्टार्टरवर १३.८ ते १४.४ आणि हाउसवर १२.५ असेल तर मधला रिले (इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या आपोआप जोडणारा स्विच), त्याचा फ्यूज किंवा त्याला किल्लीकडून येणारी वायर तपासा. बीएस-६ च्या काही गाड्यांत अल्टरनेटर (इंजिनवरचं वीज बनवणारं यंत्र) डिझेल वाचवायला मधेच व्होल्टेज खाली आणतो. तिथे साधा रिले चालत नाही, डीसी-डीसी चार्जर लागतो. लिथियमलाही तोच हवा. व्होल्टेज बघून जोडणारा रिले साधारण १२.८ ला सुटतो, आणि लिथियम बॅटरी निवांत असतानाच १३.३ वर असते. मग इंजिन बंद झाल्यावरही रिले सुटत नाही आणि दोन्ही बॅटऱ्या जोडलेल्याच राहतात.

सोलरचं थोडक्यात: कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल. काढताना उलट. पॅनेल जोडलेलं असताना बॅटरी सुटली तर काही कंट्रोलर पॅनेलचं २०-२१ व्होल्ट थेट लोडवर सोडतात आणि एलईडी जातात. पॅनेलच्या लाइनवर घरातला एसी एमसीबी (जास्त करंटवर आपोआप पडणारा स्विच) बसवलेला दिसला तर तो बदला. डीसीची ठिणगी तो नीट विझवू शकत नाही.

९. २३० व्होल्टची बाजू

इथे प्रत्यक्ष काम परवानाधारक वायरमनचं. तुम्ही मोजा. होमस्टेच्या किंवा ढाब्याच्या सॉकेटला गाडी जोडण्याआधी फेज-न्यूट्रल २३०, फेज-अर्थ २३०, न्यूट्रल-अर्थ जवळपास शून्य असं आलं पाहिजे. न्यूट्रल-अर्थ २३० दाखवत असेल तर वायरी उलट्या आहेत. फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ दोन्ही काहीच दाखवत नसतील तर अर्थिंग नाही. त्या सॉकेटला गाडी लावू नका. दाराच्या मुठीला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर मुठीला परत हात न लावता प्लग काढा.

इन्व्हर्टरच्या सॉकेटवर दोन्ही टोकांना अर्थच्या मानाने ११०-१२० दिसत असतील तर इन्व्हर्टरचं आउटपुट अधांतरी आहे. अशा वेळी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला असला तरी तो गरजेच्या वेळी पडेलच असं नाही, आणि त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर तो पडतो म्हणून समाधान मानू नका. न्यूट्रल आणि अर्थ कुठे जोडायचं हे इन्व्हर्टरच्या मॅन्युअलवरून वायरमनला ठरवू द्या. बाहेरचा पुरवठा आणि इन्व्हर्टर एकाच सॉकेटला चेंजओव्हर स्विच (एका वेळी एकच पुरवठा जोडणारा) न घालता जोडलेले सापडले तर त्यातली एक जोडणी तिथल्या तिथे सोडवून टाका. दोन्ही एकदम चालू झाले तर इन्व्हर्टर जळतो, आणि बाहेरचा प्लग काढल्यावर त्याच्या उघड्या पिनांवर इन्व्हर्टरचे २३० व्होल्ट येतात.

१००० वॅटच्या इन्व्हर्टरला बॅटरीकडून ९५ अँपिअरच्या आसपास लागतात. त्याची वायर २५ एमएमपेक्षा बारीक असेल, किंवा मिक्सर लावल्यावर थिंबल हाताला चटका देत असेल, तर ३५ एमएमची वायर, जेवढी आखूड बसेल तेवढी, आणि पॉझिटिव्हवर १२५ ते १५० अँपिअरचा बोल्टने बसणारा फ्यूज. बदलल्यावर पुन्हा मिक्सर दोन मिनिटं चालवा आणि दोन्ही थिंबलांना हात लावून बघा.